हवेकडचा पंखा

१

पात्याच्या कडेला एक खाच होती, तिळाएवढी. मोनिकाने भिंग जरा तिरपं धरलं की खाचेच्या तळाशी एक पिवळी रेघ चमकायची आणि भिंग सरळ केलं की विझायची. पातं अ‍ॅल्युमिनियमचं होतं. अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं, पांढुरकं पडतं. पिवळं पडत नाही.

तिने पंखा बोटाने हळूच फिरवला. शेजारचं पातं टोकाशी दुमडलं होतं, त्यापुढच्याचा तर कोपराच उडाला होता. सगळ्या जखमा पात्यांच्या पुढच्या कडेला होत्या, जिथून हवा आत शिरते तिथे.

"पाहून झालं का, मॅडम?" हेमराजने विचारलं. "त्यात पाहाचं काय हाय? बाईनं मशीन जाळली."

खुशबू शेडच्या दाराशी उभी होती. तिने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

करडीच्या शेतकरी गटाचं हार्वेस्टर ऐन धानकापणीत बंद पडलं होतं. मंगळवारी दुपारी बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, काम चालू असताना इंजिनातून कर्कश शिट्टी आली, निळ्या धुराचा लोट उठला आणि इंजिन पिसाळल्यासारखं धावायला लागलं. मशीन चालवत होती खुशबू. तिने चावी फिरवली, इंजिन थांबेना. चावी काढून हातात घेतली, तरी थांबेना. पेंढ्या बांधणाऱ्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पळाल्या. खुशबूने पिण्याच्या पाण्यात पोतं बुचकळलं, मशीनवर चढली आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर ते ओलं पोतं दाबून धरलं. तेव्हा कुठे इंजिन गुदमरून गप्प झालं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा भाग, फुटला होता.

गावात मात्र गोष्ट वेगळी फिरली. बाईच्या हातात मशीन दिली, तिला थांबवताही आली नाही, असं.

गटाचे अध्यक्ष पुंडलिकराव सत्तरीचे होते, उंच आणि कमी बोलणारे. खुशबू मशीन चालवायला लागून दोन हंगाम झाले होते आणि दोन्ही हंगाम ती 'तात्पुरती' होती. कायमची चावी तिला द्यायची की पुतण्याला, म्हणजे हेमराजला, हे पुंडलिकरावांनी ठरवायचं होतं. कुणी विषय काढला की ते म्हणत, "धान निघू द्या, मंग पाहू." धान निघायचं. पाहणं राहून जायचं.

आता मात्र रविवारी सभा ठरली होती. टर्बो खुशबूच्या चुकीने गेला असं निघालं तर तिने मशीनला पुन्हा हात लावायचा नाही, एवढं लोकांनी आधीच बोलून ठेवलं होतं. म्हणून पुंडलिकरावांनी शनिवारी मोनिकाला बोलावून घेतलं. ती भंडाऱ्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत डिझेल इंजिनांचा वर्ग शिकवायची. खुशबू त्याच वर्गातून शिकून आलेली, आणि हेमराजला खुपत होतं ते नेमकं हेच.

"पोरगी तुमच्याच शाळेतली," तो म्हणाला. "तिच्याच बाजूनं बोलणं आलं."

मोनिकाने भिंग रुमालात गुंडाळलं. "चूक तिची निघाली तर ती माझ्या शिकवण्याचीही असेल. मग सगळ्यांच्या आधी मीच सांगेन."

टर्बो उतरवणारा वीरेंद्र इतका वेळ हात पुसत बसला होता. भंडाऱ्याच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं, आणि माणूस वायफळ बोलणारा नव्हता.

"पिवळं दिसलं न, मॅडम?" तो म्हणाला. "मलेही दिसलं. टर्बोत पिवळं एकच असते, बेअरिंग. अन् बेअरिंग कवा झिजते ते तुम्हीच शिकवता. गरम इंजिन खाटकन बंद केलं का."

युक्तिवाद चांगला होता. कदाचित खराही.

२

वर्गात मोनिकाची एक पद्धत होती. पहिल्या तासाला ती शिकवायची नाही. मुलांना प्रश्न विचारू द्यायची. माणूस काय विचारतो यावरून त्याला काय माहीत आहे, आणि कशाची भीती आहे, दोन्ही कळतं असा तिचा अनुभव होता. शेडमध्येही तिने तेच केलं. बाजेवर, पोत्यावर, जागा मिळेल तिथे लोक बसले. पुंडलिकरावांच्या पत्नी धुरपताबाई चहा घेऊन आल्या होत्या; पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"चावी काढल्यावरही मशीन कशी चालत राहिली, माय? काही शिरलं होतं का तिच्यात?"

पेट्रोलच्या इंजिनाला पेटायला ठिणगी लागते, मोनिकाने सांगितलं. ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापानेच डिझेल पेटतं. चावी फक्त डिझेल तोडते. त्या दिवशी टर्बो फुटला आणि इंजिनाचं स्वतःचं वंगणाचं ऑइल हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं. इंजिन तेच पीत सुटलं. निळा धूर त्याचाच.

"अशा वेळी इंजिनाचा श्वास कोंडावा लागतो," ती म्हणाली. "दुसरा उपाय नसतो. तो केला नसता तर आज टर्बो नाही, अख्खं इंजिन भंगारात गेलं असतं."

बायांनी खुशबूकडे वळून पाहिलं. पाहण्यात फरक पडला होता.

हेमराजने लगेच बोलणं टर्बोवर आणलं. गरम मशीन लगेच बंद करू नये हे खरं की नाही? खरं, मोनिका म्हणाली. टर्बोत एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनाचा धूर एक फिरवतो, तो दुसऱ्याला फिरवतो, आणि दुसरा इंजिनात हवा कोंबतो. दांडा ऑइलवर तरंगत मिनिटाला लाखभर फेरे घेतो. काम संपताच इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, तापलेल्या दांड्यावर ते करपतं आणि बेअरिंग झिजतं. म्हणून इंजिन थोडा वेळ हळू चालू ठेवून मग बंद करायचं.

"अन् ही लगेच बंद करते. मी सोता पाहिलं."

"रोज?"

"हाव. रोजच."

मोनिकाने पुंडलिकरावांना विचारलं, खुशबूविषयी यापूर्वी गटाकडे कधी तक्रार आली होती का. म्हाताऱ्याने खुर्चीत जागा बदलली. आली होती, ते म्हणाले, हेमराजचीच. काम झालं तरी मशीन उगीच चालू ठेवते आणि गटाचं डिझेल जाळते, अशी.

मागे कुणीतरी फसकन हसलं. हेमराजचे कान लाल झाले.

मोनिका हसली नाही. हेमराजचं बोलणं खोटं पडलं होतं, खाचेतलं पिवळं खोटं पडलं नव्हतं. तिने पुंडलिकरावांना विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का?

"मले काय समजते त्यातलं," ते म्हणाले. "एकडाव खुशबूले इचारलं होतं, का मशीन श्वास कुठून घेते. तिनं दाखवलं होतं. तेवढंच."

शेवटी तिने खुशबूला विचारलं. या हंगामात मशीनमध्ये काही वेगळं जाणवलं होतं का? खुशबू घुटमळली. हसाल, म्हणाली. मग तिने सांगितलं की मशीन बाहेर काढल्याच्या पहिल्या दिवसापासून एक बारीक आवाज यायचा. इंजिन हळू चालू असलं की किणकिण, किणकिण. वेग दिला की बंद. तिने सगळे नट तपासले, पत्रे ठोकून पाहिले, कुठे काही सापडलं नाही.

"अन् मंगळवारी जेवताना मशीन हळू चालू ठेवली, तवा तो आवाज नव्हता. मी म्हटलं, चला, गेला एकदाचा." ती थांबली. "जेवून वेग दिला, अन् टर्बो गेला."

पुंडलिकरावांची कपबशी तोंडाशी नेता नेता मध्येच थांबली होती. त्यांनी चहा न पिताच ती खाली ठेवली.

३

जेवायला धुरपताबाईंनी घरी नेलं. घर शेडला लागूनच होतं. ओसरीसमोर गोठा होता. सारवलेला, झाडलेला आणि रिकामा. गोठ्याच्या खुंटीवर एक घुंगरमाळ टांगलेली होती. पितळ चिंचेने घासून इतकं लख्ख केलेलं की मोनिकाची नजर ताटावरून पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. माळ एका ठिकाणी जराशी सैल लोंबत होती, पडलेल्या दाताच्या फटीसारखी.

धुरपताबाई म्हणाल्या, हिऱ्या बैलाची माळ. हिऱ्या म्हातारा होऊन गेला, त्यानंतर यांनी बैल घेतला नाही. मशीन आल्यावर बैल कशाला, सगळेच म्हणाले, आणि हेही म्हणाले. "पण पोळा आला का हे माळ घेऊन बसते घासत. आता कोणाले बांधाची म्हटलं, तर बोलतच नाही."

वाढता वाढता त्यांनी आणखी एक सांगितलं. खुशबू वाईट पोर नाही. तिचा नवरा धनंजय वरठीच्या कारखान्यात पाळीत काम करतो. घर, शेत, मशीन, सगळं हीच पाहते. "पण आमचे हे कोणतीही गोष्ट तोंडातून लवकर काढत नाही, पोरी. लग्नाले होकार द्याले सहा महिने लावले होते."

दुपारी मोनिकाने वीरेंद्रला सोबत घेऊन टर्बोचा दांडा बाहेर काढला. तिने तो पुसला नाही. आधी उजेडात धरला. ऑइल करपतं तेव्हा दांड्यावर काळी, कडक खपली धरते. इथे खपली नव्हती. बेअरिंगवर ओरखडे होते, पण ताजे, चकचकीत.

"वीरेंद्रभाऊ, बेअरिंग झिजलं तर त्याचा चुरा कुठे जातो?"

"ऑइलसंगं खाली. चेंबरमधे."

"आणि हवा कुठून कुठे जाते?"

"बाहेरून आत."

"मग हा चुरा ऑइल सोडून, हवेच्या उलट पोहत, पंख्याच्या तोंडापाशी कसा आला?"

वीरेंद्रने पंखा हातात घेतला. एकेका खाचेवरून नख फिरवलं. दुसरा एखादा मिस्त्री असता तर अडून बसला असता.

"नाही येऊ शकत," तो म्हणाला. "म्हणजे पंखा आधी फुटला. त्याच्या थरथरीनं बेअरिंग मंग गेलं. मी उलटं धरलं होतं, मॅडम."

दाराशी उभ्या खुशबूने डोळे मिटून उघडले. एवढंच.

तर पिवळी वस्तू बाहेरून आली होती आणि पंख्याने तिचे तुकडे केले होते. ते तुकडे हवेबरोबर पुढे गेले असणार. टर्बोच्या पुढे इंटरकूलर असतो, तापलेली हवा थंड करणारी जाळीची पेटी. दोघांनी मिळून ती उतरवली आणि धुरपताबाईंनी दिलेल्या जुन्या पांढऱ्या धोतरावर पालथी केली. आधी ऑइल ठिबकलं. मग पिवळे कपचे पडले, नखाएवढे, वाकलेले, एका बाजूने गोलाई असलेले.

मोनिकाने चुंबक फिरवला. पितळ जागचं हललं नाही; पितळ चुंबकाला जुमानत नाही. पण त्या कपच्यांमधून एक काळा दाणा टुणकन उडाला आणि चुंबकाला चिकटला. मोहरीपेक्षा थोडा मोठा. गोल.

"लोखंड," वीरेंद्र म्हणाला. "छर्रा दिसते. इथं कुठून आला?"

मोनिकाने दाणा डिझेलमध्ये धुतला आणि तळहातावर ठेवला. बाहेरून पातळ, गोल पितळ. त्याच्या पोटात सुटा लोखंडी मणी. आणि हळू हलवलं की किणकिण.

वस्तू कोणती ते तिला कळलं होतं. ती कुणाची, हे कळायला नको असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

४

हवा पंख्यापर्यंत पोहोचण्याआधी दोन गाळण्यांतून जाते. बाहेरची गाळणी खुशबू रोज संध्याकाळी काढून साफ करायची. धानाचा भुसा फार उडतो. आतली गाळणी हंगामात काढतच नाहीत. तिच्यातून धुळीपेक्षा जाड काही जात नाही. म्हणजे वस्तू आतल्या गाळणीच्याही आत होती, आणि हंगामाच्या आधीपासून होती.

आतली गाळणी कुणी काढली होती? मी, वीरेंद्र म्हणाला. पावसाळ्यात मशीन शेडमध्ये उभी असताना त्याने दोन्ही गाळण्या काढल्या होत्या. नव्या यायला उशीर झाला. गाळण्यांचा डबा पोळ्याच्या आधीपासून उघडा होता, आणि पोळा झाल्यावर त्याने येऊन नव्या बसवल्या.

"बसवताना आत पाहिलं होतं?"

वीरेंद्रने मान खाजवली. "तोंडावरून फडकं फिरवलं. आत हात नाही घातला."

शेडला कुलूप नव्हतं. ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत जायला वेळ लागला नाही, आणि तिथे पोहोचेपर्यंत तिला नाव मिळालं होतं. काल खुशबूवर उठलेली जीभ आज हेमराजवर उठली. मशीन त्यालाच पाहिजे होती. त्यानेच आत काहीतरी टाकलं.

ऊन उतरायच्या आत हेमराज स्वतः शेडवर आला. सकाळची ऐट कुठेच नव्हती.

"मॅडम, मी लय बोललो," तो म्हणाला. "खोटंही बोललो. पण मशीन मी नाही मारली. पोळ्याले मी सासरवाडीले होतो, तुमसरले. कोणालेही इचारा."

काही न बोलण्याचाही एक मार्ग होता. मोनिका गप्प राहिली असती तर सभेत खुशबू सुटली असती आणि हेमराज कायमचा बुडाला असता. तिने खुशबूकडे पाहिलं. खुशबू पाना पुसत होती.

"भाऊजी तोंडानं वंगाळ हायेत," खुशबू म्हणाली. "मशीनले शिव्या देतेत. पण तिले इजा नाही करणार. गेल्या साली रेडिएटर गळत होता, तवा यायनंच रातभर बसून साबण लावला होता."

हेमराजने टॉर्च आणून मोनिकाला दिली.

मोनिकाने बाही वर केली आणि गाळण्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी नळीचं तोंड होतं आणि तोंडावर एक आडवी लोखंडी पट्टी. पट्टीवर बोट फिरवताना तिला काहीतरी मऊ लागलं. तिने आरसा आणि टॉर्च धरून पाहिलं, मग ब्लेडने हलक्या हाताने ते सोडवून आणलं.

सुताचा दोरा. वरून ऑइलने काळा झालेला, पण गाठीच्या पोटात अजून पिवळा. हळदीचा पिवळा. एक टोक कापलेलं नव्हतं. घासून घासून तुटलं होतं. आणि गाठ अशी की ओढली तर आवळेल, पण कितीही झटका बसला तरी सुटणार नाही.

ती गाठ तिने कितीतरी वेळ पाहिली. चोराची गाठ अशी नसते. चोराला घाई असते.

५

रविवारी शेडमध्ये जागा उरली नाही. पांढरं धोतर बाजेवर पसरून मोनिकाने त्यावर पंखा, पितळी कपचे आणि लोखंडी मणी ठेवला. दोरा अजून तिच्या रुमालातच होता.

तिने पहिल्यापासून सांगितलं. आवाज न चढवता, एकामागून एक. दांड्यावर खपली नाही, म्हणजे गरम इंजिन बंद केल्याने टर्बो गेला नाही. खाचा पात्यांच्या पुढच्या कडेला आहेत, म्हणजे वस्तू हवेबरोबर आली. गाळण्या शाबूत आहेत, म्हणजे ती गाळण्यांच्या आतच होती. पितळेच्या पोटात लोखंडी मणी आहे आणि खुशबूला किणकिण ऐकू येत होती, म्हणजे ते घुंगरू होतं. इंजिन हळू असलं की ते झुलून वाजायचं. वेग दिला की हवेच्या ओढीने ताठ व्हायचं आणि गप्प बसायचं. मंगळवारी दोरा तुटला आणि घुंगरू नळीच्या वळणात जाऊन पडलं. म्हणून जेवताना आवाज नव्हता. जेवण झाल्यावर खुशबूने वेग दिला, हवेने ते उचललं आणि पंख्यावर आपटलं.

"पण टाकलं कोणं?" मागून प्रश्न आला. बऱ्याच नजरा हेमराजवर गेल्या.

"टाकलेलं नाही, बांधलेलं होतं," मोनिका म्हणाली. "डबा पोळ्याच्या सुमारास उघडा होता. आता विचार करा. त्या नळीतून काय जातं आणि पुढे काय फिरतं, हे खुशबूला माहीत आहे, हेमराजला माहीत आहे, वीरेंद्रभाऊंना तर आहेच. या तिघांपैकी कुणालाही मशीन मोडायचीच असती, तर मूठभर वाळू पुरली असती. हळदीच्या दोऱ्याने, इतक्या जपून, घट्ट गाठ मारून कुणी नुकसान बांधत नाही. हे अशा माणसाने बांधलं, ज्याला मशीनच्या आतलं माहीत नव्हतं, फक्त ती श्वास कुठून घेते एवढं माहीत होतं. आणि ज्याला तिचं भलं व्हावंसं वाटत होतं."

तिने रुमाल उघडला आणि दोरा पुंडलिकरावांच्या पुढे ठेवला. नाव घेतलं नाही.

पुंडलिकरावांनी दोरा उचलून डोळ्यांजवळ नेला. गाठीवरून अंगठा फिरवला. मग ते उठले आणि कुणाकडे न पाहता शेडच्या बाहेर गेले.

कुजबुज सुरू झाली. काकाजी रागावले, कुणी म्हणालं. अध्यक्षाला असं समोर बसवून दाखवायचं असतं का, दुसरं कुणी म्हणालं. धुरपताबाई मात्र दाराकडे बघत होत्या आणि त्यांच्या ओठांचा चंबू झाला होता.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात घुंगरमाळ होती. त्यांनी ती धोतरावर, पितळी कपच्यांच्या शेजारी ठेवली. माळेतली मोकळी जागा सगळ्यांना दिसली.

"गाठ माही हाय," पुंडलिकराव म्हणाले. "बैलाले बांधतो ते. पोळ्याच्या दिवशी गोठा रिकामा होता. वाटलं, हिऱ्याच्या जागी आता ही मशीनच. मंग हिच्याही गळ्यात एक असू द्यावं. डबा उघडा दिसला, बांधलं." त्यांनी माळेतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "काल पोरीनं आवाजाचं सांगतलं, तवाच मले समजलं. तरी मी बसून राहिलो. मशीन मी मारली, अन् आरोपी म्हणून पोरगी उभी राहिली."

पहिल्यांदा हलला तो हेमराज. त्याने भिंतीवरची पिकअपची चावी काढली. "नवा टर्बो नागपूरले भेटन," तो म्हणाला. "मी जातो. वीरेंद्रभाऊ, चाल."

"अन् डायवरचं काय, काकाजी?" एका बाईने धीर करून विचारलं. "ते तर ठरवाचंच होतं आज."

पुंडलिकरावांनी तोंड उघडलं. सवयीने शब्द आलाच होता, "धान..." ते थांबले. खुशबूकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं.

"मशीन चालू होऊ द्या," ते म्हणाले.

सभा उठली. खुशबू निर्दोष होती आणि अजूनही तात्पुरतीच होती.

६

नवा टर्बो बसवण्याआधी वीरेंद्रने गाळणीच्या डब्यात खांद्यापर्यंत हात घातला, आणि रिकामा हात काढून सगळ्यांना दाखवला. खुशबूने टर्बोच्या तोंडात आधी थोडं ऑइल ओतलं, दांडा बोटाने फिरवला, मगच नळी जोडू दिली. वीरेंद्रने तसं करायला सांगितलं नव्हतं. त्याने मोनिकाकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि मोनिकाला आपण इतकी वर्षं कशासाठी शिकवतो ते त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं.

मशीन बांधीशी आणली तेव्हा अर्धं गाव धुऱ्यावर होतं. पुंडलिकराव माळ हातात घेऊन मोनिकाजवळ आले. त्यांना आता एक प्रश्न विचारायचा होता.

"मॅडम, बैलाच्या गळ्यात बांधतो. हिले कुठी बांधू?"

"बाहेर, काकाजी. सगळ्यांना दिसेल अशी."

त्यांनी समोरच्या कठड्याला माळ बांधली. तीच गाठ. खुशबू वर चढली, पदर खोचला आणि चावी फिरवली. इंजिनाने एकदा खाकरून घेतलं. धुराचा एक पातळ झोत निघाला, फिकट झाला आणि दिसेनासा झाला. निळं काही नव्हतं. मग तिने वेग दिला आणि टर्बोचा तो भरीव, चढत जाणारा आवाज घुमला. धुऱ्यावरच्या बायांनी न ठरवता टाळ्या वाजवल्या. कापणीचं पातं धानात शिरलं. घुंगरं झणझणत मशीन बांधीच्या या टोकापासून त्या टोकाला जात होती, आणि हेमराज ट्रॉली तिच्या बाजूने अशी चालवत होता की एक दाणा खाली पडू नये. ढगांनी दिवसभर आभाळ धरून ठेवलं होतं. पाऊस पडला नाही.

दिवस कलला तेव्हा बांधी मोकळी झाली होती. खुशबूने मशीन धुऱ्याशी आणून उभी केली, वेग कमी केला, आणि बसून राहिली. इंजिन हळू फिरत होतं. समोरची माळ किणकिणत होती, आता उघड्यावर.

"बंद कर न व, डिझेल..." हेमराजच्या तोंडून गेलं. मग त्याने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, आणि सगळे हसले. तोही हसला.

कुणीच घाई केली नाही. सगळं गाव उभं राहून एका दांड्याच्या थंड होण्याची वाट बघत होतं. टर्बोचा आवाज उतरत उतरत कानाला लागेनासा झाला. खुशबूने चावी फिरवली आणि इंजिन त्याच क्षणी, शहाण्यासारखं, थांबलं.

शांत झालं. घुंगरं एकदा हलली आणि स्थिरावली. खुशबू खाली उतरली आणि रोजच्या सवयीने चावी पुंडलिकरावांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. ते कापलेल्या बांधीकडे बघत होते.

"धान निघालं," ते म्हणाले. मग ते तिच्याकडे वळले, आणि मागच्या धुऱ्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"चावी तुह्याजवळच ठेव, पोरी. आजपासून या मशीनची डायवर खुशबू हाय. तात्पुरती नाही, कायमची."